ऑपरेशनच्या आधी थोडं अभद्र बोलून घ्या

माझ्या काकांनी आतड्याच्या ऑपरेशनला जाण्याआधी एका वहीत यादी करून ठेवली होती. दूधवाल्याला सांगणे, पंधरा दिवस अर्धाच लिटर. सोसायटीचा मेंटेनन्स ५ तारखेच्या आत. लॉकरची किल्ली कपाटात, काकूच्या पैठणीच्या घडीत. पोस्टातलं खातं कुणाच्या नावे, गॅसचं बुकिंग कुठल्या नंबरवरून, सगळं निळ्या शाईत, आकडे घालून. वय ७९, गाठ कॅन्सरची, तारीख तीन आठवडे आधी ठरलेली. ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी आतड्याचा जोड गळायला लागला, पोटात संसर्ग पसरला, पुन्हा थिएटर, मग व्हेंटिलेटर. बाराव्या रात्री अकरा वाजता आयसीयूच्या दारात एक निवासी डॉक्टर कागद घेऊन उभा राहिला. गळ्याला छिद्र पाडून नळी टाकायची आहे, सही करा. आम्ही घरचे पाच जण होतो. काकांना हे चाललं असतं की नाही, पाचांतल्या एकालाही सांगता येईना.

त्या पाच जणांत मी होते, आणि मी मुंबईतल्या रुग्णालयांत एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेली बाई. सुचलं नव्हतं अशातला भाग नाही. तोंड उघडायचा धीर झाला नव्हता. माणूस ऑपरेशनला निघालाय आणि तुम्ही विचारताय, काका, शुद्धीवर आला नाहीत तर? वास्तू तथास्तु म्हणते, शुभ बोल नाऱ्या, वगैरे सगळं माझ्याही डोक्यात होतं.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरात कुणाला ऑपरेशनची तारीख मिळाली असेल, तर तारखेपर्यंतचे दिवस कसे वापरायचे, ते. अपघातात हा वेळ मिळत नाही. ठरवून केलेल्या ऑपरेशनला मिळतो, आणि आपण तो रक्तदाते शोधण्यात, मेडिक्लेमच्या फॉर्मात आणि रजेच्या अर्जात घालवतो.

हे कुणासाठी

मोतीबिंदूला निघालेल्या धडधाकट माणसाने एवढा विचार करायची गरज नाही. तिशीतल्या मुलीचं पित्ताशय काढायचं असेल तर "मी बोलू शकले नाही तर ताईला विचारा" एवढं ठरवलं की पुरे. पण वय पंचाहत्तरीच्या पुढे, वर्षभरात दोनदा पडलेत, वजन उतरतंय, विसरभोळेपणा वाढलाय, किंवा हृदय, किडनी, फुप्फुस यांपैकी काहीतरी आधीच कुरकुरतंय, कॅन्सर आहे, आणि आता मोठं ऑपरेशन सांगितलंय, तर पुढचं सगळं वाचा.

अशा माणसासाठी आणखी एक विचारणा करायची असते, ती म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांची. हा शब्द ऐकला की नातेवाइकांचे चेहरे उतरतात. म्हणजे आता काही उरलं नाही का सिस्टर? तसं नाही. दुखणं, दम लागणं, मळमळ, बद्धकोष्ठ, झोप उडणं, मनाची घालमेल, घरच्यांची ओढाताण, या सगळ्याकडे बघणारी ही वैद्यकाची शाखा आहे आणि ती ऑपरेशन, केमो, डायलिसिस यांच्या जोडीने चालते. ऑपरेशनआधीच दुखणं आटोक्यात आणलेला माणूस ऑपरेशननंतर लवकर उठून बसतो, हे मी वॉर्डात कितीदा तरी पाहिलंय. शिवाय "तुम्हाला नेमकं काय हवंय?" हा प्रश्न विचारायला या डॉक्टरांना शिकवलेलं असतं. सर्जनला शिकवलेलं असतं कापायला आणि शिवायला. यात सर्जनची निंदा नाही. कापणाऱ्याने कापण्यातच लक्ष घालावं.

सर्जनच्या ओपीडीत

वेळ थोडा मिळतो. महापालिकेच्या रुग्णालयात त्या युनिटच्या ओपीडीचे वार ठरलेले, बाहेर रांग, आत एकाच टेबलावर तीन पेशंट. म्हणून प्रश्न घरून कागदावर लिहून न्या आणि पेशंटला बरोबर घ्या. पेशंटला बाहेरच्या बाकावर बसवून मुलाने आत जाऊन बोलण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती इथे मोडायची.

"ऑपरेशन यशस्वी होईल ना?" हा प्रश्न विचारू नका. सर्जनच्या लेखी गाठ पूर्ण निघाली की ऑपरेशन यशस्वी. तुमच्या लेखी आजी पुन्हा स्वतःच्या पायाने देवळात गेली तर यशस्वी. दोघं एकच शब्द वापरता आणि दोन वेगळ्या गोष्टी बोलता. त्यापेक्षा असं विचारा: सगळं चांगलं झालं तर तीन महिन्यांनी यांचा दिवस कसा असेल? सगळं बिघडलं तर कसा असेल? आणि या वयाच्या, असं हृदय असलेल्या माणसाच्या बाबतीत यातलं काय होण्याची शक्यता जास्त? पहिल्या दोन उत्तरांमधलं अंतर ऐकूनच पुष्कळ उलगडतं. मग चौथा प्रश्न, जो कुणी विचारत नाही. ऑपरेशन केलंच नाही तर काय होईल, आणि तेव्हा दुखण्यासाठी काय करता येईल? कधी उत्तर येतं की केलं नाही तर आतडं बंद पडून फार हाल होतील. कधी येतं की गाठ हळू वाढतेय, चार वर्षं काही होणार नाही. उत्तर कळल्यावर "हो" म्हणणाऱ्याचा "हो" पक्का असतो.

काही ऑपरेशनं रोग काढायला नसतातच, त्रास कमी करायला असतात. अडलेल्या नळीत स्टेंट बसवणं, पोटावर शौचाची वाट काढून देणं, ही त्यातली. तुमचं ऑपरेशन या जातीचं आहे का, हे स्पष्ट विचारून घ्या. नाहीतर घरचे बरं होण्याची वाट बघत बसतात आणि डॉक्टर मनात म्हणतात, यांना कुणी सांगितलंच नाही वाटतं.

फिटनेसचा दिवस

भूलतज्ज्ञाकडची तपासणी आपण ईसीजी, एक्स-रे आणि शिक्का एवढ्यावर आटोपतो. माझ्या मते सगळ्या प्रवासातली ही सर्वांत कामाची भेट आहे. त्या डॉक्टरला विचारा, यांना ऑपरेशननंतर व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता किती? आयसीयूत किती दिवस धरून चालू? एक जिना न थांबता चढता येतो का, गेल्या सहा महिन्यांत घराबाहेर किती पडले, हे तेही विचारतील. तिथे फुशारकी मारू नका. "बाबा अजून रोज शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारतात" हे चार वर्षांपूर्वीचं असेल तर सांगू नका.

म्हाताऱ्या माणसांना भुलीनंतर भ्रम होतो, हे आधीच ऐकून ठेवा. रात्री उठून बसतात, नळ्या ओढतात, मेलेल्या भावाला हाका मारतात. बहुतेकांचं ते काही दिवसांत ओसरतं, पण घरच्यांची पाचावर धारण बसते. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी आयसीयूत पोहोचेल असं बघा. दिसत नाही, ऐकू येत नाही अशा माणसाचा भ्रम वाढतो. नावाची पट्टी चिकटवून डबीत द्या. आमच्या वॉर्डात वर्षाला किती कवळ्या चादरींबरोबर धुलाईला गेल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही!

एखाद्या पेशंटच्या फाइलवर आधीपासून "हृदय बंद पडल्यास छाती दाबून, शॉक देऊन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये" अशी नोंद असते. हॉस्पिटलात तिला डीएनएआर म्हणतात आणि तिच्याबद्दल आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती नोंद फक्त छाती दाबण्यापुरती. औषधं, ऑक्सिजन, वेदनाशामक सगळं चालू राहतं. अशा माणसाचं ऑपरेशन ठरलं तर नोंदीचं काय करायचं, हे भूलतज्ज्ञाशी बसून ठरवावं लागतं. टेबलावर भुलीच्या औषधाने किंवा रक्तस्रावाने हृदय थांबलं तर कारण समोर असतं, डॉक्टर शेजारी असतो, आणि ते पुष्कळदा लगेच सुरूही होतं. वॉर्डात पहाटे चार वाजता थांबलेलं हृदय ही निराळी गोष्ट. म्हणून ऑपरेशनपुरती नोंद बाजूला ठेवायची का, आणि पुन्हा कधीपासून लागू करायची, हे फाइलवर लिहून घ्या.

जेवणाच्या टेबलावर

इथे बहुतेक घरं अडतात, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्या शेजारच्या आजोबांची हृदयाची झडप बदलायची होती. वय ७६, किडनीही अर्धवट. सुनेने मला बोलावलं, म्हणाली, मावशी, तुम्हीच काढा विषय. रविवार होता, ताटं उचलली होती, आजी बडीशेपेची डबी घेऊन बसल्या होत्या. मी मृत्यूचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, "आजोबा, तुमचा दिवस चांगला गेला असं तुम्ही कधी म्हणता?"

ते म्हणाले, "पेपर वाचला, संडास साफ झाला, आणि हा कार्टा शाळेतून येऊन डोकं खाऊन गेला की झालं."

"आणि यातलं काय गेलं तर चालेल?"

जरा वेळ गेला. "पेपर गेला तरी चालेल. कुणीतरी वाचून दाखवेल. पण मला दुसऱ्याने धुवायचं आणि मी याला ओळखायचंही नाही, अशी वेळ आणू नका."

आजी उठून आत गेल्या. "असलं काहीतरी बोलत बसता," एवढं म्हणाल्या. सून गप्प. मुलगा म्हणाला, "बाबा, तसं काही होणार नाहीये." मी त्याला हाताने थांबवलं, कारण हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी समोरच्याचं तोंड बंद करतं. पाच मिनिटांनी आजी बाहेर आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "मशीनवर किती दिवस ठेवायचं तेही विचार त्यांना."

बघा, पाऊण तासाचं काम. हे नळीबिळीचं बोलणं आधी काढू नका. आधी चांगला दिवस कसा ते विचारा, मग कशाची भीती वाटते, मग कशासाठी किती सोसायची तयारी आहे. उत्तर "तुम्ही ठरवाल ते" असं आलं तर विचारा, "आमच्यातलं कोण ठरवेल?" तेही उत्तरच आहे.

या "कोण"चा विचार नीट करा. थोरला मुलगा म्हणून थोरला मुलगा, असं नको. रात्री दोन वाजता फोन उचलणारा, डॉक्टरचं बोलणं ऐकून न गांगरणारा, आणि स्वतःला काय वाटतं ते बाजूला ठेवून "बाबा असं म्हणाले होते" एवढंच सांगू शकणारा माणूस हवा. तो जावई असेल, धाकटी मुलगी असेल. आणि न्यू जर्सीतल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर त्याच रविवारी घ्या. जो या बोलण्यात नसतो तोच आठव्या दिवशी विमानतळावरून थेट आयसीयूत येतो आणि म्हणतो, काहीही करा, सगळं करा. त्याचं चुकत नाही. त्याने मधले दिवस पाहिलेले नसतात.

कागद दोन प्रकारचे

पहिला घरगुती. एका पानावर, पेशंटच्या शब्दांत. आजोबांचं धुण्याचं आणि ओळखण्याचं वाक्य आम्ही तसंच्या तसं लिहिलं. खाली बोलणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन, दुसरं नाव आणि फोन, "मशीनवर आठ दिवस बघा, सुधारणा नसेल तर मुलाशी बोला", तारीख, सही. कायद्याच्या तराजूत याला फार वजन नाही, पण आयसीयूच्या दारात या कागदाइतकं कामाला येणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

दुसरा कायदेशीर, म्हणजे लिव्हिंग विल: पुढे मला बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं. मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं, हे वेगळं. दोन्ही एका कागदात कालवू नका. या हक्काची गोष्ट परळमधूनच सुरू होते असं म्हणायला हरकत नाही. तिथल्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या आणि तिथल्या सिस्टरांनी त्यांना बेचाळीस वर्षं सांभाळलं. त्यांच्या खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याचा प्रश्न पहिल्यांदा सविस्तर हाताळला. पुढे ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानून लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण अटी इतक्या किचकट होत्या की कुणी वाटेला जाईना. २४ जानेवारी २०२३ ला त्या सोप्या केल्या.

आता करायचं ते असं. सज्ञान आणि शुद्धीतल्या माणसाने स्वेच्छेने, कोणता उपचार कधी थांबवावा किंवा सुरूच करू नये, हे स्पष्ट लिहायचं. आपल्या वतीने संमती देणाऱ्या एक किंवा अधिक जवळच्या माणसांची नावं घालायची. दोन साक्षीदारांसमोर सही. साक्षीदार शक्यतो हितसंबंध नसलेले. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. मॅजिस्ट्रेटची सही आता लागत नाही. प्रती नाव दिलेल्या माणसांना, फॅमिली डॉक्टरला, आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या कस्टोडियनकडे, म्हणजे प्रत जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मुंबईत महापालिकेने हे काम वॉर्डांच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिलं आहे, त्यामुळे आपल्या वॉर्ड ऑफिसात आरोग्य खात्याच्या टेबलावर चौकशी करायची. मन बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं.

हा कागद ऑपरेशनच्या टेबलावर आपोआप लागू होत नाही. असाध्य आजारात, बरं होण्याची आशा नसताना आणि माणूस स्वतः ठरवू शकत नसतानाच तो उघडायचा. तेव्हाही आधी रुग्णालयाचं मंडळ बसतं, उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि अंमल करण्याआधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं. लिव्हिंग विल नसेल तरी घरच्यांच्या संमतीने वाट हीच. इंजेक्शन देऊन मरण देणं हा मात्र गुन्हाच आहे. ते यात कुठेही बसत नाही.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात असेल तर आधी घरगुती कागद करा. नोटरी नंतर.

दाखल होताना

कागदाच्या तीन प्रती. एक इनडोअर फाइलमध्ये, संमतीपत्राच्या वर, ड्युटीवरच्या सिस्टरच्या हातात देऊन. एक बोलणाऱ्या माणसाच्या पाकिटात. एक फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर. राउंडला मोठे डॉक्टर आले की तोंडीही सांगा, कारण रात्रीचा हाऊसमन, म्हणजे ड्युटीवरचा शिकाऊ डॉक्टर, रोज बदलतो.

संमतीपत्रावर सही पेशंटची. सज्ञान आणि शुद्धीतल्या माणसाच्या जागी नातेवाइकाची सही चालत नाही. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे खणखणीत सांगितलं. तिथे भुलीत असलेल्या मुलीच्या मोठ्या ऑपरेशनला बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली होती, ती ग्राह्य धरली नाही. फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, रिकाम्या जागा भरल्याशिवाय सही करू नका, आणि "हाय रिस्क" असं लिहिलं असेल तर रिस्क कसली ते त्याच ओळीत लिहून मागा.

सर्जनशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलून ठेवा. तुम्ही ऑपरेशनला हो म्हटलंत की पुढच्या आयसीयूलाही तुमचा हो आहे, असं ते मनात धरून चालतात. पेशंटला तसं वाटत असतंच असं नाही. मधला रस्ता म्हणजे मुदत. अमुक दिवस पूर्ण जोर लावा, त्यानंतर बसून बोलू. दिवस किती आणि सुधारणा म्हणजे काय (नळी निघणं, लघवी सुरू होणं, हाकेला ओ देणं), हे आधी ठरलं की रोज दारात उभं राहून "कसे आहेत?" विचारण्याला काही अर्थ येतो.

आणि बिघडलंच तर? आपल्याकडे एक वाईट शब्द रूढ आहे, डामा. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो, असं लिहून देऊन माणसाला अँब्युलन्समध्ये घालायचं. पैसे संपले म्हणून, आशा संपली म्हणून. माणूस धापा टाकत घरी पोहोचतो आणि हातात दुखण्याची एक गोळी नसते. आमच्या काकांना आम्ही असंच आणलं, तेविसाव्या दिवशी. त्याआधी एकदाच म्हणायला हवं होतं: "पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना बोलवा." मशीन बंद करणं म्हणजे उपचार बंद करणं नव्हे, दम लागू नये, दुखू नये याचे उपचार तेव्हा उलट वाढवायचे असतात. त्यासाठी मॉर्फिन लागतं. ते मिळणं अवघड होतं, पण २०१४ च्या कायदेबदलाने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही की लवकर जात नाही.

मुंबईत विचारपूस कुठे करायची तर, कॅन्सरसाठी परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे आणि घरी जाणारं पथकही. वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासूनचं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारी जागा. पालकेअर ही संस्था कॅन्सरच्या रुग्णांना घरी येऊन सेवा देते. इतर आजारांसाठी तुमच्या रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा. वॉर्डात त्यांना एमएसडब्ल्यू म्हणतात, आणि कुठल्या दारावर टकटक करायची हे त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

घरी आल्यावर

कागद फाडू नका, पुन्हा वाचा. माणूस आयसीयू बघून आला की त्याची मतं बदलतात, कधी इकडे, कधी तिकडे. आजोबा दोन रात्री आयसीयूत काढून, नवी झडप घेऊन सुखरूप घरी आले. महिन्याभराने सुनेने तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, "आठ दिवस"वर काट मारली, वर "पाच" लिहिलं, बाजूला सही आणि तारीख. "तिथला लाइट रात्रीही बंद करत नाहीत," म्हणाले.

आजी शेजारी शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले आणि सुनेला म्हणाल्या, "एक कोरा कागद मलाही दे. दिवाळीनंतर माझे गुडघे आहेत."